टीपी६३ जनुक आणि पी६३ प्रथिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ‘पी६३’ हे नाव घेऊन लोक माझ्याकडे दोन वाटांनी येतात. कुणाच्या हातात वडिलांचा किंवा आजोबांचा बायोप्सी रिपोर्ट असतो, तर कुणाकडे तान्ह्या बाळाच्या जनुक तपासणीचा कागद असतो. प्रथिन दोन्हीकडे तेच, पण एका रिपोर्टाचा अर्थ दुसऱ्याला लावला की घरात विनाकारण रडारड होते. इंटरनेटवर शोधलं तर दोन्ही प्रकारची माहिती एकत्रच समोर येते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. म्हणून दोघांचेही प्रश्न इथे घेतले आहेत. बायोप्सीवाल्यांनी थेट खालच्या भागात गेलं तरी चालेल.

टीपी६३ म्हणजे नेमकं काय?

टीपी६३ हे जनुकाचं नाव. ते तिसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, जवळजवळ टोकाला आहे आणि सुमारे २ लाख ६५ हजार बेस-जोड्या (डीएनएची अक्षरं) इतकं लांब आहे. त्यावरून जे प्रथिन तयार होतं ते पी६३. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून.

हे ‘नियामक’ प्रथिन आहे म्हणतात. म्हणजे ते करतं काय?

शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. पण त्वचेच्या पेशीला यकृताची कामं करायची नसतात, म्हणून कुठलं जनुक चालू ठेवायचं आणि कुठलं बंद हे कुणीतरी ठरवावं लागतं. पी६३ हे त्वचेतलं मुकादमाचं काम करतं. स्वतः विटा उचलत नाही, पण कुणी कधी कामाला लागायचं ते सांगतं. डीएनएवर ठरावीक जागा ओळखून ते तिथे चिकटतं आणि शेजारची जनुकं चालू किंवा बंद होतात. अशा जागा एकदोन नाहीत, हजारो आहेत.

त्वचेचा वरचा थर, म्हणजे एपिडर्मिस, अनेक पदरी असतो. सगळ्यांत खाली पायाच्या पेशींची एक ओळ असते. त्या विभागतात, त्यांतल्या काही वर सरकतात, सरकता सरकता चपट्या होतात, केंद्रक गमावतात आणि शेवटी कोंडा होऊन झडतात. हा प्रवास साधारण चार ते सहा आठवड्यांचा. पी६३ प्रामुख्याने या खालच्या ओळीत आणि तिच्या लगेच वरच्या पदरात सापडतं. तिथे ते केराटिन ५ आणि केराटिन १४ ही मजबुती देणारी प्रथिनं बनवायला लावतं, पेशी एकमेकींना आणि खालच्या पडद्याला धरून राहतील अशी व्यवस्था करतं आणि विभागण्याची क्षमता टिकवतं. पेशी वर गेली की पी६३ कमी होत जातं. ते कमी व्हावंच लागतं, नाहीतर पेशी पक्व होणार नाही.

हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळतं. मेणात बसवलेल्या तुकड्याचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पी६३ ला चिकटणारी अँटिबॉडी सोडायची, मग रंग. ज्या केंद्रकात पी६३ आहे ते तपकिरी होतं, बाकीची निळी राहतात. निरोगी त्वचेचा काप असा रंगवला की तळाशी तपकिरी ठिपक्यांची सलग, नागमोडी ओळ दिसते. वर जावं तसे ठिपके फिके आणि विरळ होतात आणि सगळ्यांत वरच्या थरात काहीच उरत नाही. रोज बघूनही मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

पी५३, पी६३, पी७३, पी४०… हे सगळं एकच आहे का?

नाही. पी५३, पी६३ आणि पी७३ ही तीन वेगवेगळ्या जनुकांवरून बनणारी भावंडं. पी५३ सगळ्यांत प्रसिद्ध, कारण कर्करोगाशी त्याचं नाव जोडलं गेलं. ते १९७९ मध्ये सापडलं. पी७३ १९९७ मध्ये आणि पी६३ त्याच सुमारास. शोध पी५३ चा आधी लागला, पण वयाने ते थोरलं नाही. या घराण्याचा मूळ पूर्वज पी६३ आणि पी७३ सारखा होता. समुद्रफुलासारख्या, हाडं-मेंदू नसलेल्या प्राण्यातही पी६३ चा नातेवाईक सापडतो आणि तिथे तो अंडपेशी-शुक्रपेशींची राखण करतो.

पी४० हे मात्र वेगळं जनुक नाही. पी६३ च्याच एका आखूड प्रकाराला ओळखणारी अँटिबॉडी लॅबमध्ये त्या नावाने वापरतात. रिपोर्टात ‘पी४०’ दिसलं की तो पी६३ च्याच घरातला मामला समजा.

आखूड प्रकार म्हणजे? एका जनुकाची एवढी रूपं कशी?

टीपी६३ वाचायला दोन वेगळ्या जागांपासून सुरुवात होऊ शकते. पहिल्या जागेपासून वाचलं तर लांब रूप बनतं, त्याला टीए म्हणतात. दुसरीपासून वाचलं तर सुरुवातीचा तुकडा नसलेलं रूप बनतं, ते डेल्टा-एन. शेवटच्या बाजूलाही वेगवेगळी जोडणी होते, म्हणून अल्फा, बीटा, गॅमा असे उपप्रकार. त्वचेत राज्य डेल्टा-एन-अल्फाचं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. लांब अल्फा रूप ६८० अमिनो आम्लांचं आहे, आखूड ५८६ चं.

लांब रूपाची मुख्य जागा म्हणजे बीजांडकोशातल्या अंडपेशी. अंडपेशीच्या डीएनएला मोठी इजा झाली की ते तिला मरायला लावतं, म्हणजे बिघडलेली अंडपेशी पुढच्या पिढीत जात नाही. केमोथेरपीनंतर तरुण स्त्रियांच्या बीजांडांचा साठा का घटतो, याच्या उत्तराचा एक भाग इथे आहे. हा विषय मोठा आहे, इथे एवढंच.

हे त्वचेसाठी इतकं महत्त्वाचं आहे हे कळलं कसं?

१९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दोन वेगळ्या गटांचे शोधनिबंध एकदमच आले. एका गटात अ‍ॅली मिल्स आणि अ‍ॅलन ब्रॅडली होते, दुसऱ्यात अ‍ॅनी यांग आणि फ्रँक मॅककीऑन. दोघांनीही टीपी६३ च्या दोन्ही प्रती नसलेले उंदीर तयार केले होते. पिल्लं जन्माला आली, पण त्यांच्या अंगावर बहुपदरी त्वचा नव्हतीच. केस नाहीत, दात नाहीत, स्तनग्रंथी नाहीत, पुढचे पाय खुंटलेले आणि मागचे जवळजवळ नाहीतच. शरीरातलं पाणी उघड्या अंगावरून निघून गेलं आणि काही तासांत ती मेली. त्वचा हा पाणी आत धरून ठेवणारा अवयव आहे हे आपण पुस्तकात वाचतो, त्या पिल्लांत ते ढळढळीत दिसलं.

एकच प्रत नसलेले उंदीर मात्र बऱ्यापैकी धडधाकट होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माणसात या जनुकात बिघाड झाला तर काय होतं?

त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या संशोधकांनी दाखवलं की ईईसी सिंड्रोम या दुर्मिळ जन्मजात आजाराचं मूळ टीपी६३ मध्ये आहे. या आजारात तीन गोष्टी एकत्र येतात. हातापायाचा मधला भाग नीट न बनल्याने पंजा दुभंगलेला असतो, ओठ किंवा टाळू फाटलेली असते, आणि केस, दात, नखं, घामाच्या ग्रंथी यांत कमतरता असते. प्रत्येक बाळात तिन्ही असतीलच असं नाही. अश्रुनलिका बंद असणं खूप सामान्य आहे, त्यामुळे डोळे सतत पाणावलेले आणि चिपडलेले राहतात. काहींना मूत्रमार्गाचा दोष असतो, काहींना कमी ऐकू येतं.

दुसरा आजार एईसी, जुन्या पुस्तकांत हे-वेल्स सिंड्रोम. १९७६ मध्ये हे आणि वेल्स या दोन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. इथे हात सहसा ठीक असतात, पण त्वचेची दैना असते. जन्मतःच अंग सोललेलं, टाळक्यावर भरून न येणाऱ्या जखमा, आणि काही बाळांच्या पापण्या बारीक धाग्यांनी एकमेकींना जुळलेल्या. रॅप-हॉजकिन म्हणून पूर्वी वेगळा मानलेला आजार आता याचंच एक रूप धरला जातो.

याखेरीज अडल्ट सिंड्रोम (नावावर जाऊ नका, तो लहानपणापासूनच असतो), हातपाय आणि स्तनग्रंथींचा एलएमएस, आणि फक्त पंजा दुभंगलेला असणारा प्रकार आहे. सीमारेषा पुसट आहेत. एकाच कुटुंबात आजीचे फक्त दात विरळ आणि नातवाचे दोन्ही हात दुभंगलेले, असं होतं.

एकच जनुक, मग एकाला हाताचा त्रास आणि दुसऱ्याला त्वचेचा, असं का?

बदल जनुकाच्या कुठल्या भागात आहे यावर बरंच ठरतं. प्रथिनाचा जो भाग डीएनएला धरतो तिथे बदल झाला की बहुधा ईईसी. त्यातही २०४, २२७, २७९, २८० आणि ३०४ या पाच जागांवरचं आर्जिनिन हे अमिनो आम्ल बदललेलं असतं, बहुतांश ईईसी रुग्णांत यांतलीच एखादी जागा सापडते. प्रथिनाच्या शेपटीकडे बदल झाला की एईसी. तिथे प्रथिन नीट घडी न पडल्याने गुठळ्या करतं आणि निकामी होतं.

आता तो उंदरांचा मुद्दा. एक प्रत मुळातच नसेल तर उंदीर ठीक राहतो, मग माणसात एक प्रत बदललेली असताना आजार का व्हावा? कारण पी६३ एकेकटं काम करत नाही, चार रेणू एकत्र येऊन डीएनएला धरतात. निम्मे रेणू बिघडलेले असतील आणि चौकडी कशीही जमत असेल, तर चारही चांगले असण्याची शक्यता किती? अर्ध्याचा चौथा घात, म्हणजे १६ पैकी १. कागदावरचा हिशेब झाला हा, पेशीत इतकं काटेकोर नसतं. पण बिघडलेला रेणू नुसता गैरहजर राहत नाही, चांगल्यांच्या कामातही खोडा घालतो, हे त्यावरून कळतं.

गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून ओठ फाटला, असं सासूबाई म्हणतात.

नाही, नाही आणि नाही. ग्रहणात विळी हातात धरली, भाजी चिरली, झोपून न राहता कामं केली, यातल्या कशानेही ओठ फाटत नाही. ओठ आणि टाळू गरोदरपणाच्या साधारण चौथ्या ते बाराव्या आठवड्यात जुळतात. सुरुवातीच्या आठवड्यांत तर अनेकींना दिवस गेल्याचं माहीतही नसतं. टीपी६३ मधला बदल तर त्याहून आधीचा, शुक्रपेशी किंवा अंडपेशीतलाच असतो.

हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. बाळ जन्मल्यावर पहिल्याच आठवड्यात आईला दोषी ठरवलं जातं, मग ती बाळाला पदराखाली झाकून ठेवते, दवाखान्यात आणत नाही, आणि उपचाराचे महिने वाया जातात. सासूबाईंनाच डॉक्टरांसमोर बसवा. घरच्यांपेक्षा पांढऱ्या कोटातल्या माणसाचं त्या लवकर ऐकतील.

फाटलेला ओठ म्हणजे टीपी६३ मध्येच दोष असणार का?

बहुतेक वेळा नाही. जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. त्यातली बहुतांश बाळं बाकी सर्व दृष्टींनी निरोगी असतात आणि कारण अनेक जनुकं व परिस्थिती यांचं मिश्रण असतं. सोबत हातापायाची बोटं, केस, दात, नखं किंवा डोळे यांतही काही वेगळं असेल तर टीपी६३ चा विचार करायचा. खालच्या ओठावर दोन खळ्या असतील तर आयआरएफ६ या जनुकाकडे बघायचं. गंमत अशी की आयआरएफ६ हेही पी६३ च्याच हुकमतीखालचं आहे, आणि पी६३ जास्त झालं की ते उलटून त्याची पातळी खाली आणतं.

आम्ही दोघं ठणठणीत आहोत, दोन्हीकडच्या सात पिढ्यांत असं कुणी नाही. मग बाळाला कसं झालं?

बऱ्याच बाळांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो. अशा वेळी आईवडिलांच्या रक्तात तो सापडत नाही. नात्यात लग्न केलं म्हणून झालं, हेही इथे लागू नाही. मामाच्या किंवा आत्याच्या घरात दिलेल्या मुलींना हे हमखास ऐकवलं जातं, म्हणून सांगतो. नात्यातल्या लग्नाने ज्या आजारांची शक्यता वाढते त्यांना दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. इथे एक पुरते.

ज्या व्यक्तीला स्वतःला हा आजार आहे तिच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. आईवडील निरोगी असतील तर पुढच्या बाळाला धोका बराच कमी, पण शून्य नाही. क्वचित आई किंवा वडिलांच्या फक्त अंडपेशी-शुक्रपेशींतल्या काहींमध्ये बदल लपलेला असतो आणि रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही.

रिपोर्टात ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असं लिहिलंय. म्हणजे आजार आहे की नाही?

जनुक तपासणीतले बदल पाच गटांत मांडतात: आजार करणारा, बहुधा करणारा, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. तुमचा मधल्या गटात आहे, म्हणजे आजच्या माहितीवर बोट ठेवून सांगता येत नाही. त्यावर लग्न मोडू नका, गर्भपाताचा निर्णय तर घेऊच नका. आईवडिलांची तीच जागा तपासली की पुष्कळदा उलगडा होतो. निरोगी वडिलांतही तोच बदल सापडला, तर त्याच्यावरचा संशय कमी होतो. आणि एक-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा विचारा, कारण जगभरची माहिती वाढते तशी वर्गवारी बदलते. लॅब आपणहून फोन करेल या भरवशावर बसू नका.

असं बाळ घरी आहे. आत्ता काय करायचं?

पहिलं दूध. टाळू फाटलेली असेल तर बाळाला ओढता येत नाही, कारण तोंडात पोकळी बंद होत नाही. आईचं दूध काढून वाटी-चमच्याने, बाळाला बसतं धरून, थोडं थोडं पाजा आणि मध्ये मध्ये ढेकर काढा. दूध नाकातून आलं तर घाबरू नका, थांबा, पुसा, पुन्हा सुरू करा. आडवं ठेवून पाजू नका. वजन दर आठवड्याला बघा. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या महिन्यानंतर आणि टाळूची नवव्या ते अठराव्या महिन्यादरम्यान होते. त्यासाठी बाळाचं वजन आणि हिमोग्लोबिन बरं असावं लागतं, म्हणजे सगळं पुन्हा दुधापाशीच येतं.

त्वचा सोललेली असेल तर चिकटपट्टी लावू देऊ नका. सलाईनची सुई बसवतानासुद्धा नर्सताईंना आधी सांगा, पट्टी काढताना कातडी सोबत येते. जोरात मालीश, डाळीच्या पिठाने चोळणं, धुरी हे सगळं बंद. वास येणारी किंवा पिवळा द्राव येणारी जखम त्याच दिवशी दाखवा, एईसीमध्ये जिवाला खरा धोका जंतुसंसर्गाचा असतो. घाम कमी येत असेल तर विदर्भ-मराठवाड्यातला एप्रिल-मे जपून काढावा लागतो: ओला पंचा, सुती झबलं, दुपारी बाहेर नेणं नाही. ताप दिसला की आधी अंग पुसून बघा, नुसतं तापलेलं अंगही असू शकतं. उतरला नाही तर दवाखाना.

दात उशिरा येतात, कमी येतात, टोकदार येतात. दंतवैद्याकडे तीन वर्षांच्या आत जा. लहान मुलांनाही कवळी बसवता येते आणि ती वाढीबरोबर बदलतात. कानही तपासून घ्या.

फाटलेल्या ओठ-टाळूची शस्त्रक्रिया राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत होते. २०१३ मध्ये हा कार्यक्रम पालघरहून सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळेत तपासणीची गाडी येते ती याचीच. जनुकीय सल्ल्यासाठी मुंबईच्या केईएम रुग्णालयात चौकशी करा.

डोळ्यांची एवढी काळजी का करायला सांगतात?

कारण ईईसीच्या मुलांची नजर मोठेपणी जाऊ शकते, आणि हात व ओठ यांच्या धावपळीत डोळे मागे पडतात. बुबुळाच्या कडेला, जिथे काळं आणि पांढरं मिळतं, तिथे मूळपेशींचा साठा असतो. बुबुळावरचा पारदर्शक थर त्या आयुष्यभर नव्याने बनवतात. त्यांनाही पी६३ लागतं. साठा संपला की बुबुळावर रक्तवाहिन्या चढतात आणि ते धुरकट होतं. त्यामुळे दर सहा महिन्यांनी डोळे दाखवा, अश्रुनलिका उघडून घ्या, डोळे कोरडे पडू देऊ नका.

या पेशींच्या अभ्यासाचा फायदा वेगळ्याच रुग्णांना झाला. इटलीत ग्रात्सिएला पेल्लेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की पी६३ ही बुबुळाच्या मूळपेशींची खूण आहे. पुढे रसायनाने डोळा भाजलेल्या ११२ रुग्णांवर त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी लावल्या. लावलेल्यांतल्या, विभागून वसाहत वाढवू शकणाऱ्या पेशींपैकी ३ टक्क्यांहून जास्त पेशींत पी६३ ठसठशीत असेल तर ७८ टक्के रुग्णांत यश आलं, ३ टक्के किंवा कमी असेल तर फक्त ११ टक्क्यांत. हा निष्कर्ष २०१० चा. २०१५ मध्ये या उपचाराला युरोपात होलोक्लार नावाने परवानगी मिळाली. आपल्याकडे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याहून स्वस्त पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा छोटा तुकडा घेऊन त्याचे कण थेट जखमी बुबुळावर बसवायचे, महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही.

विषय निघालाच आहे तर: तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा डबी मुलांच्या हाती लागू देऊ नका. दाबली की फुटते आणि चुना सरळ डोळ्यात जातो, आणि जळतात त्या नेमक्या याच पेशी. गेलाच तर पहिली वीस-तीस मिनिटं नळाखाली धार धरा, चुन्याचे कण काढा, मग दवाखाना.

ईईसीच्या रुग्णाला मात्र स्वतःच्याच पेशी लावून उपयोग नाही, कारण बदल त्या पेशींतही असतो.

मग यावर औषध किंवा जनुक-उपचार?

मुळावर घाव घालणारं औषध आज दवाखान्यात उपलब्ध नाही. प्रयोगशाळेत प्रयत्न चालू आहेत. बिघडलेल्या प्रतीचाच संदेश गप्प करायचा आणि चांगली प्रत तशीच ठेवायची, हा एक. पी५३ साठी बनवलेला एक रेणू ईईसीच्या पेशींवर वापरून बघितला गेला आणि तिथे सुधारणा दिसली, हा दुसरा. ताटलीतल्या पेशी सुधारणं आणि मूल सुधारणं यांत बरंच अंतर आहे. ‘स्टेम सेल’ची इंजेक्शनं किंवा क्रीम विकणारा कुणी भेटला तर पैसे जपा.

पुढच्या गरोदरपणात आधी कळू शकतं का?

पहिल्या बाळातला नेमका बदल माहीत असेल तर हो. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा अंश किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल घेऊन तेवढीच जागा तपासतात. सोनोग्राफीत हात आणि ओठ दिसू शकतात, पण त्वचेचा त्रास दिसत नाही. या तपासण्या १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच होतात आणि लिंग सांगितलं जात नाही, विचारूही नका. गंभीर व्यंग निघालं तर गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढेही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. करावाच असं नाही. ईईसीची मुलं शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. निर्णय जोडप्याचा, आणि त्याआधी समुपदेशकासमोर तासभर बसायलाच हवं.

आता बायोप्सी. वडिलांच्या रिपोर्टात ‘पी६३ पॉझिटिव्ह’ आहे. म्हणजे कर्करोग का?

या एका शब्दावरून काहीच ठरत नाही. तुमच्या-माझ्या त्वचेतही पी६३ पॉझिटिव्हच आहे. तुकडा कुठला आणि प्रश्न काय होता, यावर अर्थ बदलतो.

प्रोस्टेटमध्ये तर उलटं आहे. निरोगी ग्रंथीभोवती तळपेशींचा वेढा असतो आणि त्यांची केंद्रकं पी६३ ने तपकिरी होतात. कर्करोगाच्या ग्रंथींना हा वेढा नसतो. म्हणून संशयास्पद ग्रंथींभोवती पी६३ दिसलं तर हायसं वाटतं, अजिबात दिसलं नाही तर कर्करोगाकडे कल. स्तनातही तसंच: दुधाच्या नलिकेभोवतीच्या आधारपेशी पी६३ दाखवत असतील तर गाठ अजून नलिकेतच आहे, बाहेर घुसलेली नाही, असं म्हणायला आधार मिळतो.

फुफ्फुसात प्रश्न वेगळा. तिथे कर्करोग आहे हे बहुधा आधीच दिसलेलं असतं, तो कुठल्या प्रकारचा ते ठरवायचं असतं. पी४० पॉझिटिव्ह असेल तर स्क्वॅमस (चपट्या पेशींचा) प्रकार, टीटीएफ-१ ही दुसरी खूण पॉझिटिव्ह असेल तर बहुधा अ‍ॅडिनो (ग्रंथींसारख्या पेशींचा). पी६३ काही अ‍ॅडिनोमध्येही उमटतं, त्यामुळे आता पी४० वर जास्त भिस्त असते. यावर औषध ठरतं: पेमेट्रेक्सेड स्क्वॅमसमध्ये देत नाहीत, आणि बेव्हॅसिझुमॅबने त्यात रक्तस्रावाचा धोका असतो.

तोंडाचा कर्करोग, जो तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे घरोघर ऐकू येतो, तो बहुतेक स्क्वॅमसच असतो आणि साध्या रंगातच ओळखता येतो. पेशी फारच बिघडलेल्या असतील, मूळ ओळखू येत नसेल, तेव्हा पी४० मागवतात.

मग वडिलांमुळे आम्हा मुलांनाही टीपी६३ ची तपासणी करावी लागेल का?

नाही. बायोप्सीत आपण प्रथिन कुठल्या पेशीत आहे एवढंच बघतो, जन्मजात बदल शोधत नाही. स्क्वॅमस कर्करोगांत तिसऱ्या गुणसूत्राच्या त्या टोकाच्या प्रती पुष्कळदा वाढलेल्या सापडतात, पण ते फक्त गाठीत घडलेलं असतं. ते मुलांकडे जात नाही. ईईसीच्या मुलाला याच कारणाने कर्करोग होणार असंही समजू नका.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंय. रिपोर्टची झेरॉक्स पुरेल?

पुरत नाही. लॅबकडून काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक (ज्यात तुकडा बसवलेला असतो) दोन्ही लेखी पावती देऊन घ्या. ब्लॉक तुमच्याच शरीरातला आहे, मागायला संकोच करू नका. नुसत्या पट्ट्या नेल्या तर पी६३ किंवा पी४० पुन्हा करायला नवा काप मिळत नाही, आणि टाटाच्या रांगेत उभं राहिल्यावर हे कळलं तर पुन्हा गावी फेरी. प्रत्येक ब्लॉकवर खरवडलेला किंवा छापलेला नंबर रिपोर्टातल्या नंबराशी जुळतो का ते काउंटरवरच बघा. पट्ट्या प्लॅस्टिकच्या डबीत, ब्लॉक छोट्या पिशवीत, आणि उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ते मेण ५५-६० अंशांना वितळतं.